तिळगूळ परत आला

लोणावळा, हॉस्टेल
६ जानेवारी २०२५

बबे,

तू बरी असशील असं लिहिणार नाही, कारण नाहीस हे मला ठाऊक आहे. मला तू फोनवर ब्लॉक केलंस. पिंकीच्या फोनवरून लावला तर बिचाऱ्या पिंकीलाही केलंस, तिनं तुझं काय घोडं मारलं होतं? आता नर्सिंगच्या आपल्या पहिल्या वर्षात असा एक फोन उरला नाही ज्याला तू दार लावलेलं नाहीस. म्हणून हा कागद. गोरखभाऊंची जीप रोज लोहगडवाडीला जातेच, त्यांच्या हाती देतेय. ते म्हणाले, "पोरी, आमी मानसं वाहातो, टपाल न्हाई." मग मी त्यांचं बीपी मोजून दिलं. आता टपालही वाहतात.

आधी भांडणाचं बोलून टाकू. हो, माधवी मॅडमना मीच सांगितलं. बबिता झोपत नाही, गादी गुंडाळून फरशीवर पडते, जेवण अर्धं टाकते, केसांना तेल लावत नाही, मेसमधला शिरा दिसला तरी मान फिरवते, आपल्या खोलीतल्या गणपतीच्या फोटोजवळही येत नाही, हे सगळं सांगितलं. मेडिकल वॉर्डातले भिमाजी आबा गेले तेव्हापासून हे चाललं होतं आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ तू मला घातली होतीस. मी ती मोडली. हे माफीचं पत्र नाही, उगाच शोधू नकोस. तू दिवसेंदिवस वाळत चालली होतीस आणि मी शपथ सांभाळत बसू? पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन.

मॅडमनी तुला डॉक्टरांकडे नेलं, घरी तुझ्या बाबांना फोन केला, गोविंदाकाका आले आणि तू माझ्याकडे न बघता जीपमध्ये चढलीस. बघितलं असतंस तर दिसलं असतं, मी तुझी बादली घेऊन उभी होते. ती द्यायची राहिली. सध्या ती पिंकी वापरते आणि स्वतःचीच असल्यासारखी वापरते.

मॅडम म्हणतात, फेब्रुवारी लागायच्या आत आलीस तर हजेरी कशीबशी भरेल. नाही तर वर्ष गेलं. दर गुरुवारी तू डॉक्टरांकडे जातेस आणि तिथंही गप्प बसतेस, असंही त्या म्हणाल्या. म्हणजे फक्त माझ्यावर राग नाही तर. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

इकडे थंडी मरणाची आहे. संदेश आपल्या वर्गात एकटा मुलगा, त्याचे हाल तसेच चालू. काल एक आजोबा त्याला हाक मारत होते, "ओ सिस्टर." हा म्हणाला, "आजोबा, मी ब्रदर." आजोबा म्हणाले, "बरं ब्रदर, मग तुमच्या सिस्टरला पाठवा." रतन सिस्टरना चादरीवर परवा एक सुरकुती सापडली. सगळ्या वॉर्डाच्या चादरी आम्ही पुन्हा घातल्या.

उत्तर दे. शिवी दिलीस तरी चालेल.

समीक्षा


१३ जानेवारी

बबे,

गोरखभाऊंना विचारलं, पत्र वाचलं का? म्हणाले, "दोन बोटांत धरून घरात न्हेलं. चुलीत टाकलं न्हाई एवडं बघितलं मी." म्हणजे प्रगती आहे.

सोबत डब्यात तिळगूळ आहे. आमच्या कान्हे गावचा, आईच्या हातचा. चिक्कीचं गाव उशाशी असताना आम्ही घरचाच खातो, कारण आई म्हणते गुळाचा पाक कुठं थांबवायचा ते दुकानदाराला कळत नाही. आता तिळगूळ घ्यायचा म्हणजे गोड बोलायचं, हा कायदा मी केलेला नाही. फोनवर बोल, नाही तर जीपच्या खिडकीतून ओरड. मी वाट बघतेय.

स.


१४ जानेवारी, संध्याकाळ

बबिता,

काय लिहू? गोरखभाऊंनी आत्ता डबा परत आणून दिला. झाकण तसंच. म्हणाले, "चालत न्हाई म्हनली. सुतक हाय म्हनली." मी विचारलं, कोण गेलं? तर म्हणाले, "त्ये न्हाई बोलली. पन गोविंदा दोन दिस दिसला न्हाई आन् टपरी बी बंद व्हती."

तुला न्यायला आले तेव्हाच काकांना केवढा खोकला होता! मी मॅडमना म्हटलंही होतं की त्यांचा एक्स-रे काढायला हवा. बबिता, काका फार चांगले होते गं. मला एकदाच भेटले, पण माझी बॅग बाकावर ठेवून आपली पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, म्हणाले, "पोरीचं सामान भुईवर नगं." असा माणूस. थोडे तापट असतील, तू सांगायचीस की भाकरी करपली तर तवा फेकतात, पण मन मोठं होतं. सारजाकाकूंना धीर दे. रविवारी सुट्टी आहे, आम्ही सगळ्या येतोय.

आता आपलं भांडण राहू दे बाजूला.

तुझी समीक्षा


१९ जानेवारी, रविवार

बबे,

माझं मागचं पत्र फाडून टाक. विशेषतः तव्याचं वाक्य. आणि काकांच्या हाती अजिबात पडू देऊ नकोस.

तू गडावर सरबत विकायला गेली होतीस, म्हणून खाली काय झालं ते तुला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं असेल. खरं ते मी सांगते.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आम्ही पहाटे उठून भाकऱ्या थापल्या. संदेशनंही थापल्या, त्याच्या भाकरीला चार कोपरे होते. पिठलं केलं, फडक्यात बांधलं, सगळ्यांनी डोक्यावर ओढण्या घेतल्या. वाडी आली आणि पायरीवरून उतरतानाच पिंकीनं जो हंबरडा फोडला, की पुण्याहून गड चढायला आलेली अर्धी माणसं जागच्या जागी थांबली. तेवढ्यात टपरीतून काका बाहेर आले. हातात सुरी, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, कांदा चिरत होते. आम्हाला बघून त्यांचाच चेहरा उतरला.

"कोन गेलं गं पोरींनो?"

पिंकी हुंदका देत म्हणाली, "काका, तुम्ही."

काकांनी सुरी खाली ठेवली. स्वतःकडे एकदा बघून घेतलं. मग आत बघून ओरडले, "सारजे, भाईर ये. मी गेलोय म्हन!"

बबे, मी आयुष्यात इतकी कधी लाजले नाही आणि इतकी हसलेही नाही. दोन दिवस ते पवनानगरला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. खोकला तर केव्हाच गेला. ज्या घराचा धंदाच पिठलं-भाकरीचा, त्या घरी आम्ही पिठलं-भाकरी बांधून नेली होती. काकांनी संदेशची भाकरी हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "ही गिऱ्हाइकाला दावू नगा."

तू वरून जीप ओळखलीस आणि उतरली नाहीस, हे मला कळलं. काकूंना विचारलं, मग सुतक कुणाचं? त्या चुलीपुढं बसल्या आणि सगळं सांगितलं. संक्रांतीला तू तिळगुळाला हात लावेनास तेव्हा त्यांनाही कळलं म्हणे.

"हास्पिटलात भिमाजी म्हनून म्हातारा व्हता. धरनावर मासं धरायचा, मागं-पुढं कुनी न्हाई. त्यानं हिला इच्यारलं, पोरी, माज्यामागं माजं सुतक कोन धरनार? ही म्हनली, मी धरीन. म्हातारा गेला. हिनं धरलं. धा दिस भरायच्या आत दुसरी म्हातारी गेली. ही म्हनली, तिनं काय पाप केलं? तिचं बी धरलं. मग आनखी एक बाप्या. हास्पिटल हाय त्ये. तितं मानसं जायाची थांबत्यात व्हय?"

बबे, बबे! फरशीवर झोपणं, तेल नाही, गोड नाही, देवाला शिवणं नाही. आम्ही सगळ्यांनी तुझी लक्षणं गोळा केली, मॅडमनी केली, डॉक्टरांनी केली, आणि हे सुतक आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या घरी आजी गेली तेव्हा मीही फरशीवर झोपले होते की. पण हॉस्पिटलच्या पेशंटचं सुतक धरणारी मुलगी या मावळात तू एकटीच असशील.

मी म्हटलं, काकू, पण आता दिवस तर भरले. तिला घरी येऊनही महिना होत आला. त्यावर काकू म्हणाल्या, "दिस भरलं, पन दुखवटा कुनी काढला? सोयऱ्यांनी यावं, साडी घालावी, गोडाचा घास भरवावा, तवा मानूस मोकळं व्हतं. मी काढते म्हनलं तर म्हनती, आये, घरच्यानं चालत न्हाई. आन् खरं हाय तिचं. दुखवटा आपला आपन काढता येत न्हाई, भाईरच्यानं यावं लागतं. म्हाताऱ्याला सोयरं कुटून आनू?"

परतीच्या जीपमध्ये आधी सगळी हसत होती, पिंकीच्या हंबरड्याची नक्कल चालली होती. मग संदेश मधेच म्हणाला, "ते फिट येणारे काका गेले ना, तेव्हापासून मी चहात साखर घेत नाही. का ते मलाच माहीत नव्हतं." मग पिंकीनं लेबर रूममधल्या त्या बाळाचं सांगितलं. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलंय. एकेकीचं निघू लागलं. गोरखभाऊंनी गाणी बंद केली आणि जीप एकदम हळू चालवली. मला कुणीतरी विचारलं, तुझं कोण? मी म्हटलं, माझं काही नाही, मी धडधाकट आहे.

आता मी काय करणार आहे ते पुढच्या पत्रात. तोवर काकांना माझा नमस्कार सांग आणि दीर्घायुष्याच्या शुभेच्छा.

समीक्षा


२३ जानेवारी

बबिता गोविंदा यांस,

रविवारी, सव्वीस तारखेला, झेंडावंदन आटोपलं की आम्ही तुझा दुखवटा काढायला येतोय. भिमाजी आबांचे सोयरे आम्ही. त्या आजींचे आणि त्या बाप्याचेही आम्हीच. तू नाही म्हणू शकत नाहीस, सुतकातल्या माणसाला आलेल्या सोयऱ्याला परत पाठवता येत नाही. मी काकूंकडून खात्री करून घेतली आहे.

साडीवरून इथं रणकंदन झालं. पिंकीला जांभळी हवी होती, बाकीच्यांना हिरवी. शेवटी मोरपंखी घेतली, म्हणजे दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असं वाटतंय. पुरणपोळ्या संदेशची आई करतेय. संदेशला हात लावू देणार नाही.

माधवी मॅडमना सांगायला मी घाबरत घाबरतच गेले होते. वाटलं, म्हणतील, नर्स होणाऱ्या मुली आणि हे काय? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "इतके दिवस मी तिला विचारत होते, तुला काय होतंय. तुझं कोण गेलंय, असं विचारायला हवं होतं." मग लगेच मॅडम झाल्या. "दुखवटाही काढा आणि गुरुवारचे डॉक्टरही चालू ठेवा. तिची झोप गेली आहे, ती एका पुरणपोळीनं येणार नाही. आणि मी पण येते."

खरी गोष्ट पुढंच आहे. रतन सिस्टरकडे रविवारची सुट्टी मागायला गेले. कारण विचारलं, मी सांगितलं. त्या चादर घालत होत्या. चांगली ताठ बसलेली चादर त्यांनी पुन्हा काढली आणि पुन्हा घातली. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचंय. तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इतकी वर्षं वॉर्डात काढली मी. माझा दुखवटा कुणी काढला नाही गं." आणि थोड्या वेळानं, "जीपमध्ये एक जागा ठेवा."

मी हो म्हणून बाथरूममध्ये जाऊन रडून आले. आनंदानंच बहुतेक.

एक ओळ लिहू का नको, विचार करतेय. सहा नंबरच्या पलंगाजवळून मी अजून मान खाली घालून जाते. तिकडची ड्युटी लागली की कुणाशी तरी बदलून घेते. बस, एवढंच. त्यात काही नाही.

रविवारी केस विंचरून बस. नाही, विंचरू नकोस, ते आम्हीच करायचं असतं.

समीक्षा


लोहगडवाडी
२९ जानेवारी

समे,

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझ्यासारखं मीठ-मसाला लावून येणार नाही.

रविवारी तू तोंड पाडून जीपमध्ये बसलीस ते मला दिसलं. साडी घालून घेतली, घास खाल्ला, पण मी कुणाशी चकार शब्द बोलले नाही, म्हणून तुला वाटलं सगळं फुकट गेलं. तसं नाही. तोंड उघडलं असतं तर मी रडले असते, आणि तुम्ही पंधराजणींनी मिळून माझी नाडी मोजली असती.

आणि रतन सिस्टर. त्या आल्या आणि माझ्याशेजारी पाट मांडून सरळ बसल्याच. आईला वाटलं, पाहुण्या आहेत, भरवायला बसल्या. तर म्हणाल्या, "मलाही भरवा." आईनं पहिला घास त्यांना भरवला आणि डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "किती जनांचं धरून बसलीस गं माय?" तेव्हा सिस्टर ज्या रडल्या, तशा रडताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं. बाबा उठून गुरांकडे गेले. गुरं चरायला गेली होती, तरी गेले.

तुम्ही गेल्यावर आईनं मला डोक्यावरून न्हाऊ घातलं. तेल लावलं. मी उरलेल्या पुरणपोळ्या एकटीनं संपवल्या, बाबांना एकही दिली नाही. मग जी झोपले ती सकाळी टपरीवर गिऱ्हाईक ओरडायला लागलं तेव्हा उठले. कालची रात्र मात्र पुन्हा तळमळत गेली. पण पलंगावर. उद्या गुरुवार आहे. उद्या डॉक्टरांना सगळं सांगणार, आबांपासून.

आबांचं तुला थोडं सांगते. ते मला वॉर्डात मासे कसे साफ करायचे ते शिकवायचे. मासा नसायचा, हवेतच. सलाईन लावलेल्या हातानं. मी हसले की म्हणायचे, "हसू नगं, खवलं उडत्यात." शेवटच्या दिवशीही उडवत होते. हे मला दोन महिने आठवलंच नव्हतं. फक्त ते गेल्यावर त्यांचं अंग पुसलं ते आठवायचं. घास खाल्ल्यावर हे आठवलं.

आईनं विचारलं, "आता परत तितं जानार, परत कोन तरी जानार. परत धरशील?" मी म्हटलं, धरीन. पण दिवसभराचंच. ड्युटी सुटली, अंघोळ झाली की तुमच्यातल्या कुणीतरी मला गोडाचा घास द्यायचा. साखर चालेल. आणि तुमच्यातल्या कुणाचं कुणी गेलं तर मी देईन. आईला पटलं. रतन सिस्टरना विचार, त्यांनाही चालेल का.

शुक्रवारी येते. गोरखभाऊंना सांगितलंय. माझ्या पलंगावर पिंकीनं जे काही पसरलं असेल ते उचलायला लाव. बादली मला परत हवी आहे. तिळगूळ उरला असेल तर ठेव.

बाबांनी तुझं तव्याचं वाक्य वाचलं. टपरीवर येईल त्याला वाचून दाखवतात.

आता शेवटचं. तू शपथ मोडलीस याचा राग माझ्या मनात अजून आहे. तो लगेच जाईल असं वाटत नाही. पण माझं पुन्हा असं झालं तर पुन्हा सांग. मी पुन्हा रागावेन, तरी सांग.

आणि त्या सहा नंबरच्या पलंगाचं मी शुक्रवारी आल्या आल्या माधवी मॅडमना सांगणार आहे. तू मला शपथ घालायच्या आत. मग तू माझ्याशी खुशाल बोलू नकोस. मी पत्रं लिहीन.

बबिता